इथलीच तर आहे, कधीही बघेल

तिपटूरला कमलाक्षीच्या वडिलांचं नारळाचं दुकान होतं. म्हैसूरचं स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थाने मुलाची नोकरी वीजमंडळात आहे हे नंतर सांगितलं; आधी सांगितलं ते असं, की घर चामुंडीपुरममध्ये आहे, तिथून राजवाडा चालत जाण्याइतका जवळ. वडील दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "पोरगी राजवाड्याच्या सावलीत नांदणार." गिऱ्हाईक म्हणायचं, "चला, आमची उतरायची सोय झाली."

उतरायची सोय मात्र पुष्कळांची झाली. तिच्या नवऱ्याचं, नंजुंडस्वामीचं घर म्हणजे धर्मशाळाच होती. शिमोग्याचे, हासनचे, नंजनगूडचे पाहुणे यायचे, कॉफी व्हायची, उप्पिट्टु व्हायचं आणि मग कुणीतरी म्हणायचं, "राजवाडा कधी बघायचा?"

लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला सगळं घर राजवाडा बघायला निघालं. सासूबाई दाक्षायणम्मा, त्यांचे दोन भाऊ, भावजया, नणंद प्रमीला, पोरंटोरं. कमलाक्षीने लग्नातली जांभळी रेशमी साडी नेसली, केसांत मोगरा माळला. पटांगण ओलांडून सगळे वाड्यापाशी आले. आत जायच्या आधी चपला काढून काउंटरवर द्यायच्या होत्या आणि काउंटरपुढे ही मोठी रांग. दाक्षायणम्मांनी रांगेकडे पाहिलं, हातातल्या डब्यांच्या पिशवीकडे पाहिलं.

"रांगेत कोण उभं राहणार? जाताना रांग, येताना रांग. आणि हे डबे? कमला बसेल इथे. ती काय, इथलीच तर आहे, कधीही बघेल."

नंजुंडस्वामी वाकून सँडलचा पट्टा सोडत होता. तो म्हणाला, "हो, कमला बसेल."

बाजूला झाडाखाली दगडी कट्टा होता. कमलाक्षी तिथे बसली. समोर चपलांचा ढीग, मांडीवर पिशव्या. तिचं तिकीट काढलेलं होतं, ते तिने पर्समध्ये जपून ठेवलं. ते दुसऱ्या दिवशी चालत नाही हे तिला माहीत नव्हतं.

सगळे बाहेर आले ते एकदम बोलतच. सोळा वर्षांची प्रमीला तिच्या शेजारी धपकन बसली. "अत्तिगे, छतावर मोर आहेत गं. काचेचे. वरून ऊन आलं की मोर आपल्या अंगावर पडतात." अत्तिगे म्हणजे वहिनी. कमलाक्षीने विचारलं, "किती मोर?" प्रमीला म्हणाली, "मोजतंय कोण. पाणी दे."

त्या रात्री तिने नवऱ्याला विचारलं, "मला कधी नेणार?" तो म्हणाला, "अगं, आता काय, जन्मभर इथेच आहेस."

पुढच्या वर्षी प्रसाद पोटात होता. दाक्षायणम्मा म्हणाल्या, एवढ्या गर्दीत धक्का लागला म्हणजे? त्याच्या पुढच्या वर्षी प्रसाद मांडीवर होता आणि रडत होता. मग धाकटी मुलगी झाली. पोरं मोठी झाली, शाळेच्या सहलीबरोबर जाऊन राजवाडा बघून आली, तोवर दाक्षायणम्मांचे गुडघे गेले. त्यांना आत चालवत नसे आणि घरी एकटं बसवत नसे. त्या कट्ट्यावर बसत आणि त्यांच्याजवळ कुणीतरी लागे. कुणीतरी म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागत नसे. हळूहळू तर कमलाक्षी स्वतःच पिशव्या घ्यायला हात पुढे करू लागली. कुणी सांगून बसण्यापेक्षा आपण होऊन बसलेलं बरं, एवढाच त्यातला मान होता.

बाहेरचं जग तिला पाठ झालं. कुठल्या वेळी कट्ट्यावर ऊन येतं, शाळांच्या बसगाड्या कधी येतात, भांडलेली जोडपी आत जातानाच कशी ओळखू येतात. मोगरा विकणारी साकम्मा तिच्या ओळखीची झाली होती. एकदा ती म्हणाली, "अक्का, दसऱ्यात राजाचं सिंहासन मांडतात, तसा तुमचा हा कट्टा. तुमच्याशिवाय दुसरं कुणी बसलं की मला चुकल्यासारखं होतं." कमलाक्षी हसली. घरी येऊन भांडी घासताना तिला त्याचं हसू आलं नाही.

आत काय आहे ते तिला ऐकून ऐकून कळलं होतं. कुणी म्हणे, सोन्याची अंबारी. कुणी म्हणे, चांदीचे दरवाजे. कुणी म्हणे, खांबच खांब, आणि जमीन अशी की तोंड दिसावं. चपला पायात सरकवत लोक बोलायचे ते सगळं ती साठवायची. तिने मनात एक राजवाडा बांधला होता. त्यात गर्दी नव्हती, दोर बांधलेले नव्हते, आणि कुणीतरी तिला म्हणत असे, चल, हे बघ.

एकटी गेली असती तर? हा प्रश्न पुढे तिला सगळ्यांनी विचारला. ती रेशनला एकटी जायची, सासूला घेऊन इस्पितळात एकटी जायची, मुलांच्या शाळेत एकटी जायची. पण ती सगळी कामं होती. राजवाडा बघणं हे काम नव्हतं. त्यासाठी घरातून काय सांगून निघायचं? आणि खरं सांगायचं तर तिला एकटीला जायचं नव्हतं. तिला कुणीतरी न्यायला हवं होतं. एकदा मुलं आजोळी गेली असताना तिने धीर करून म्हटलंही, "रविवारी आपण दोघंच जाऊ या का राजवाड्यात?"

नंजुंडस्वामी पेपर वाचत होता. "कशाला? गर्दीत धक्के खायला?"

"सहजच."

"सुटीच्या दिवशी तेवढं नको सांगू. पाहुणे आले की जावंच लागतं. तेच ते बघून कंटाळा आलाय."

ती आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. परत तिने विषय काढला नाही.

दाक्षायणम्मा गेल्या. मुलीचं लग्न होऊन ती मंगळूरला गेली. नंजुंडस्वामी निवृत्त झाला. मग प्रसादचं लग्न ठरलं, दावणगेरेच्या मुलीशी. तिचं नाव स्फूर्ती. लग्नानंतर महिन्याभराने तिचे आईवडील मुलीचं घर बघायला म्हणून म्हैसूरला आले.

पहिल्याच दिवशी दुपारी पंगत बसली. केळीच्या पानांवर कोसंबरी, भाजी, चित्रान्न वाढून झालं होतं आणि कमलाक्षी गरम होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढत होती. तिच्यामागून स्फूर्ती तूप वाढत होती. नंजुंडस्वामी रंगात आला होता. व्याह्यांना उद्याचा बेत सांगत होता.

"सकाळी लवकर निघू. कल्याणमंडपातलं छत सकाळच्या उन्हात बघायचं. दुपारी मजा नाही."

व्याही म्हणाले, "तुम्हाला सगळं ठाऊक दिसतं."

"मला काय, हिला विचारा. आजवर शेकड्यांनी पाहुणे नेले असतील हिने. डोळे बांधून सोडलं तरी सगळा राजवाडा दाखवून आणेल."

विहीणबाई शैलजम्मा कौतुकाने म्हणाल्या, "मग सांगा ना, तुम्हाला आतलं सगळ्यांत काय आवडतं?"

कमलाक्षीच्या हातात होळिगेचं ताट होतं. ती म्हणाली, "मी आत गेलेले नाही."

शैलजम्मा हसल्या. व्याहीही हसले. नंजुंडस्वामी म्हणाला, "मस्करी करते. अशीच आहे ती."

"मस्करी नाही," कमलाक्षी म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी राजवाडा आतून पाहिलेला नाही."

"अगं, काय बोलतेस? पहिल्या दसऱ्याला आपण सगळे नव्हतो का गेलो? नंजनगूडचे मामा आले होते."

"मी चपलांपाशी होते."

"बरं, मग प्रमीलाच्या सासरचे आले होते तेव्हा?"

"प्रसाद मांडीवर होता. मी बाहेर होते."

"आणि माझे साहेब बेंगळूरहून सहकुटुंब आले होते तेव्हा? तेव्हा तर मी स्वतः तिकिटं काढली."

"तेव्हा अत्तेंचे, म्हणजे तुमच्या आईचे, गुडघे दुखत होते. तुम्ही बाहेर येऊन मला म्हणालात, साहेब खूश झाले, आता घरी जाऊन पटकन भजी कर."

नंजुंडस्वामीने आठवून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो खरंच आठवतो आहे. प्रत्येक आठवणीत त्याला ती दिसत होती. अंबारीपाशी, खांबांपाशी, सगळीकडे ती असायलाच हवी होती. बायको बरोबर होती एवढं त्याला पक्कं आठवत होतं. कुठवर बरोबर होती, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पानावरची होळिगे गार होत होती. मग तो चिडला.

"मग बोलायचं होतंस. तोंड होतं ना? तुला काय कुणी अडवलं होतं?"

कमलाक्षीने ताटातली पुढची होळिगे उचलली. कुणीही अडवलं नव्हतं. अडवलं असतं तर एखाद्या दिवशी भांडून तरी गेली असती.

"अजून एक वाढू का?" तिने व्याह्यांना विचारलं. ते नको म्हणाले.

पाहुणे वामकुक्षीला गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. "व्याह्यांसमोर माझी अब्रू काढलीस."

"मी खोटं बोलले?"

"खोटं नाही. पण खरं बोलायची ही वेळ होती?"

"वेळ तुम्ही सांगा. त्या वेळी बोलते."

तो निघून गेला. संध्याकाळी मात्र त्याने जाहीर केलं, की उद्याची सहल कमलासाठी आहे. त्याला वाटलं, हिशेब मिटला.

सकाळी सगळे वाड्यापाशी आले. कमलाक्षी सवयीने कट्ट्याकडे वळली. विहीणबाईंची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, प्रसादची छत्री, सगळं तिने हातात घेतलंही होतं. स्फूर्ती मागून आली.

"अत्ते, इकडे कुठे? द्या ते."

तिने पिशव्या घेतल्या, सगळ्यांच्या चपला त्या काउंटरवर दिल्या, टोकन घेतलं आणि ओढणीच्या टोकाला बांधलं. रांग होती, पण ती सरकत होती. चहा प्यायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नसेल.

"झालं. चला," स्फूर्ती म्हणाली.

कमलाक्षी तिथेच उभी राहिली. काउंटर काही तिने नव्याने पाहिला नव्हता. इतकी वर्षं ती त्याच्यासमोर तर बसत होती. माणसं येत, चपला देत, टोकन घेत, आत जात. हे असं करता येतं हे तिला दर वेळी दिसत होतं. पण ते इतकं सोपं आहे, एका पोरीने न विचारता, न बोलता करून टाकण्याइतकं, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. त्या क्षणी तिला स्फूर्तीचा फार राग आला.

"चला राणीसाहेब," नंजुंडस्वामी मोठ्याने म्हणाला. "आज स्वारी तुमची."

आत शिरल्यापासून तो तिच्या कोपरापाशी होता. "ही बघ अंबारी. बघितलीस? सोनं आहे. नीट बघ, नाहीतर पुन्हा म्हणशील दाखवली नाही." व्याही ओशाळून हसत होते. "ह्या भिंतींवर दसऱ्याची मिरवणूक रंगवली आहे. सगळी बघ. हत्ती, घोडे, राजा. कोण कोण बाहेर राहिलंय ते बघ."

हे शेवटचं वाक्य त्याला फार आवडलं. ते त्याने व्याह्यांना पुन्हा ऐकवलं.

कल्याणमंडपात माना वर करून उभ्या राहिलेल्या लोकांची दाटी होती. मोर होते. जसे सांगितले होते तसेच होते, सुंदर होते. ऊन ढगाआड गेलं होतं, त्यामुळे ते कुणाच्या अंगावर पडत नव्हते. कमलाक्षीने मान वर केली आणि वाट पाहिली. आता काहीतरी होईल असं तिला वाटत होतं. मागून शाळेच्या मुलांची रांग आली. पहारेकरी म्हणाला, "पुढे चला अम्मा, पुढे चला." ती पुढे गेली.

दरबारात खांब होते. इतके खांब, इतकी वेलबुट्टी, की ती पुसायला किती बायका लागत असतील असा विचार तिच्या मनात आला आणि मग दुसरा कुठलाच येईना. सगळं होतं, लोकांनी सांगितलेलं एकही खोटं नव्हतं. तिच्या मनातला राजवाडा मात्र इथे कुठे बसेना, आणि घरी परत नेण्यासारखाही तो आता उरला नव्हता.

"इथे उभी राहा," नंजुंडस्वामी फोन धरून म्हणाला. "खांबापाशी. हस की आता. एवढं सगळं तुझ्यासाठी केलं."

ती हसली. तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पोचला. खाली त्याने लिहिलं होतं, "अखेर कमलाला राजवाडा दाखवला." रात्री प्रमीलाचा फोन आला.

"अत्तिगे, काय हे? मला काही माहीतच नव्हतं. कधी बोलली नाहीस ते. आम्ही बसलो असतो ना बाहेर."

"तू बसली असतीस?"

"मी म्हणजे... कुणीतरी बसलं असतंच की."

"हो," कमलाक्षी म्हणाली. "कुणीतरी बसलंच असतं."

इथे हे संपायला हवं होतं. पण नंजुंडस्वामीच्या हाती गोष्ट लागली होती. पहिल्यांदा त्याने ती शेजाऱ्यांना सांगितली, जरा खजील होऊन. ते पोट धरून हसले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही गोष्ट हसण्याची आहे. मग लग्नात, बारशात, निवृत्त लोकांच्या सकाळच्या कट्ट्यावर, सगळीकडे तो ती सांगू लागला. "आमची बायको म्हैसुरात राहून म्हातारी झाली, पण राजवाडा पाहिला नाही. का, तर म्हणे कुणी नेलं नाही. हाताला धरून न्यायला ती काय लहान पोर?" सांगता सांगता गोष्ट गुळगुळीत झाली. त्यातून दाक्षायणम्मा गेल्या, डबे गेले, चपला गेल्या. उरली ती एक वेडी बाई आणि तिचा समजूतदार नवरा. लोक कमलाक्षीला भेटले की विचारत, "काय हो, राजवाडा बघितला का?" ती म्हणे, "बघितला."

प्रसादला मुलगा झाला. त्याच्या बारशाला घरात पन्नासेक माणसं होती. जेवणं झाल्यावर पान लावता लावता नंजुंडस्वामीने गोष्ट सुरू केली. कमलाक्षी बाळाला मांडीवर घेऊन बायकांत बसली होती. लोक हसले. हशा ओसरला तशी स्फूर्ती म्हणाली, "मावय्या, अत्ते बाहेर बसायच्या तेव्हा तुम्ही कुठे असायचा?"

सासऱ्याला ती मावय्या म्हणायची, आणि अगदी साधेपणाने तिने विचारलं होतं.

"आत," नंजुंडस्वामी म्हणाला. तोंडातून शब्द निघून गेला तेव्हा त्याला कळलं. कुणी हसलं नाही. कुणीतरी सुपारी मागितली, आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर स्फूर्ती बाळाला तेल लावत बसली होती. कमलाक्षी पाणी तापवून घेऊन आली.

"अत्ते, आपण दोघीच जाऊ एकदा," स्फूर्ती म्हणाली. "सकाळी, सुटीचा दिवस सोडून. कुणी बरोबर नको. हवा तेवढा वेळ बसू."

कमलाक्षी बादलीतलं पाणी हाताने हलवून बघत होती. ही मुलगी मनापासून म्हणत होती. असं म्हणणारं माणूस तिला हवं होतं तेव्हा तिने त्याची किती वाट पाहिली होती. आता ते समोर बसलं होतं, आणि तिच्या मनात काही म्हणजे काही हललं नाही.

"नको गं," ती म्हणाली. "वेळेवर वाढलं असतं तर जेवले असते. आता भूकच मेली."

"मग दुसरीकडे कुठे जाऊ. तुम्ही सांगाल तिथे."

"बघू. आधी याला न्हाऊ घाल, पाणी गार होतंय."

स्फूर्तीने पुन्हा दोनतीनदा विचारलं, मग तीही बाळात गुंतली.

स्फूर्ती समोर असली की नंजुंडस्वामी ती गोष्ट सांगत नाही. ती माहेरी गेली की सांगतो. परवा हासनहून त्याचे जुने सहकारी आले होते, तेव्हा सांगितली. कमलाक्षी आत कॉफी करत होती. बाहेर हशा पिकला. तिने कॉफी गाळली, साखर घातली, कप भरले आणि ट्रे घेऊन बाहेर गेली.

"काय वहिनी," त्यांतला एक जण डोळे पुसत म्हणाला, "कसा काय आहे मग राजवाडा?"

"मोठा आहे," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे कप धरला.